जळक्या कडांचा नकाशा घेऊ नका: हातबनावटीच्या तीन प्रतिकृतींचं परीक्षण

जुन्या नकाशाची प्रतिकृती मागितली की बहुतेक ठिकाणी आधी समोर येतो तो चहाच्या पाण्यात बुडवलेला, कडा मेणबत्तीवर धरून जाळलेला तपकिरी ताव. तो घेऊ नका. सतराव्या-अठराव्या शतकातला नकाशा छापखान्यातून बाहेर पडला तेव्हा त्याचा कागद दुधाळ पांढरा होता, रेघ काळीभोर होती आणि सरहद्दींवर ताजा गुलाबी, पिवळा, हिरवा रंग होता. जिथे तो अंधारात, कोरड्या जागी जपला गेला तिथे आजही बराचसा तसाच आहे. तपकिरी डाग, तडे, खाल्लेल्या कडा ही कागद आजारी पडल्याची लक्षणं आहेत, आणि चहा लावून ती आणली की आजारही सोबत येतो: चहातलं टॅनिन आम्लधर्मी असतं, त्याने कागद काही वर्षांत ठिसूळ होतो आणि घडीवर तुटायला लागतो.

इथे ज्यांचं परीक्षण केलं आहे ते तीन नमुने छत्रपती संभाजीनगरातल्या एका लहान कार्यशाळेचे आहेत. तिन्ही हातकागदावर, २२ बाय ३० इंचांच्या तावात बसवलेले. पहिला, ग्रीक विद्वान टॉलेमीच्या ‘भूगोल’ या ग्रंथातला आशियाचा दहावा तक्ता, म्हणजे भारताचा नकाशा, जर्मनीतल्या उल्म इथे १४८२ साली छापलेल्या आवृत्तीवरून. दुसरा, इंग्रज सर्वेक्षक जेम्स रेनेलचा १७८२ चा हिंदुस्थानचा नकाशा. तिसरा, असईच्या लढाईचा आराखडा, २३ सप्टेंबर १८०३. ही निवड चांगली आहे, कारण तिन्हींत आपला मुलूख सापडतो. टॉलेमीने दुसऱ्या शतकात लिहिलेलं ‘बैठण’ म्हणजे आपलं पैठण आणि ‘टगर’ म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. रेनेलकडे औरंगाबाद, दौलताबाद आणि गोदावरीकाठ आहे. असई तर जालना जिल्ह्यातच. दिवाणखान्यात जगाचा नकाशा लावण्यापेक्षा ज्यावर बोट ठेवून ‘हे आपलं’ म्हणता येईल असा नकाशा लावावा, या मताचे आम्ही आहोत.

कागद

तिन्ही नमुन्यांत सगळ्यात समाधान कागदाने दिलं. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतं. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी देवगिरीला हलवली तेव्हा कागद करणारे कारागीर इथे वसले, असं परंपरेने सांगितलं जातं. दौलताबादी कागद मराठेशाहीच्या दफ्तरांत वापरला जायचा. ही कला अजून तिथे आहे, आणि नकाशाच्या प्रतिकृतीला याहून योग्य कागद जवळपास मिळणार नाही. सुती चिंध्यांचा लगदा, बीटरमध्ये कुटून, हौदात साच्यावर उचललेला, दाबून वाळवलेला. सुती तंतू लांब असल्याने हा कागद दुमडला तरी पटकन तुटत नाही आणि लाकडाच्या लगद्याच्या कागदासारखा उन्हाने पिवळा पडत नाही.

पण हातकागद म्हटला की सगळा सारखा, असं नाही. मागवताना तीन गोष्टी विचाराव्यात. वजन किती? नकाशासाठी १८० ते २५० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) पुरे. ३०० च्या वरचा ताव जाड होतो, नळीत गुंडाळला की त्यावरचा रंग तडकतो. खळ कोणती? खळ नसलेला किंवा कमी खळीचा कागद टीपकागदाप्रमाणे वागतो, शाई फुटते आणि बारीक अक्षरांच्या पोटात काळं साठतं. मागच्या बाजूला कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभर तो फुगीर उभा राहिला तर खळ बरोबर आहे, लगेच झिरपला तर तो ताव पाकिटं-पिशव्यांच्या कामाचा. तिसरी गोष्ट आम्लाची. राळ आणि तुरटीची खळ आम्लधर्मी असते. स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात पीएच तपासायचं पेन मिळालं तर एक रेघ ओढून पाहा: जांभळी राहिली तर कागद उदासीन किंवा अल्कधर्मी, पिवळी पडली तर आम्लधर्मी. या कार्यशाळेच्या तिन्ही तावांवर रेघ जांभळी राहिली.

घोटाईबद्दलही बोलायला हवं. जुना दौलताबादी कागद गुळगुळीत दगडाने घोटलेला असे, म्हणून बोरू त्यावर अडखळत नसे. हल्ली तावाला धातूच्या पत्र्यांमधून रुळाखाली दाबून गुळगुळीत करतात. रेनेलसारख्या बारीक रेघेच्या नकाशाला हे लागतंच. उल्मच्या जाड रेघेच्या ठशाला खरखरीत कागद उलट शोभतो. कार्यशाळेने तिन्ही नकाशांना एकाच पोताचा, मध्यम घोटलेला कागद वापरला आहे. असईच्या आराखड्याला तो चांगला मानवला, रेनेलला थोडा कमी पडला.

आणखी एक बारीक तपासणी. ताव उजेडासमोर धरा. पंधराव्या शतकातला युरोपीय कागद तारांच्या साच्यावर केलेला असे, त्यात समांतर बारीक रेघा दिसतात. एकसंध, रेघांशिवायचा कागद इंग्लंडमध्ये १७५० च्या दशकात आला. म्हणजे १४८२ च्या नकाशाला रेघांचा कागद हवा, १७८२ ला दोन्ही चालतील. आपल्याकडे गवताच्या काड्यांच्या चिकेवर उचललेल्या तावातही अशाच रेघा येतात. हल्ली बहुतेक साचे धातूच्या जाळीचे असल्यामुळे त्या मिळत नाहीत. ज्याला अचूक काम हवं त्याने आधी सांगून चिकेवरचा ताव मागावा. साध्या सजावटीसाठी हा मुद्दा सोडून दिला तरी बिघडत नाही.

हातकागदाच्या तंतुमय कडा ही त्याची ओळख आहे आणि त्यातही फसवणूक चालते. पट्टी धरून फाडलेली कड सारख्या जाडीची आणि पांढऱ्या चिरफाळ्यांची दिसते. साच्यावर झालेली खरी कड हळूहळू पातळ होत जाते, बोटाने चाचपली तरी कळतं.

टॉलेमी: चांगला नकाशा, चुकीचा दाब

उल्मचा नकाशा लाकडी ठशावरून छापलेला. ठशात रेघ उंच असते, शाई रेघेवर लागते आणि कागदात रेघच दाबली जाते. नकाशाच्या भोवती चौकोनी दाबाची खूण उमटते ती तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या नकाशाला, कारण तिथे ओलसर कागद पत्र्यासकट रुळाखालून जातो आणि पत्र्याची कड कागदात बसते. कार्यशाळेने टॉलेमीच्या भोवतीही ही खूण काढली आहे. ती दिसते छान, बोटाला खोलगट लागते, पण या नकाशाला ती नको होती. जाणत्या माणसाला दारातूनच खटकेल.

दुसरी बाब आकाराची. निकोलस जर्मानुस या जर्मन नकाशाकाराने केलेले हे नकाशे समलंब चौकोनी आहेत: उत्तरेकडे अरुंद, दक्षिणेकडे रुंद. फ्रेम चौकोनी असते म्हणून बरेच विक्रेते कोपरे भरून किंवा बाजू कापून नकाशा आयताकृती करतात आणि मग अंशांच्या रेघा कडेपर्यंत पोचतच नाहीत. इथे आकार जसाच्या तसा ठेवला आहे आणि मोकळे कोपरे कोरे सोडले आहेत, हे अगदी योग्य केलं. समुद्र गडद निळा हवा. १४८२ च्या उल्म आवृत्तीची ती ओळखच आहे. इथला निळा जरा फिका आहे, पण एका हाताने, न थांबता मारलेला. पट्टे पडलेले नाहीत. एवढ्या मोठ्या जागेत ओल्या रंगाची कड वाळू न देता पुढे नेत राहणं हे कसबाचं काम आहे.

या नकाशात भारताचं द्वीपकल्प जवळजवळ नाहीच, किनारा आडवा पसरलेला आहे. पाहुणे विचारतातच, चुकलंय का म्हणून. चुकलेलं नाही, टॉलेमीच्या आकड्यांवरून नकाशा असाच उभा राहतो. कोणी विक्रेता ‘दुरुस्त केलेला’ टॉलेमी देऊ लागला तर घेऊ नका.

रेनेल: अक्षर वाचता आलं पाहिजे

रेनेलचा नकाशा तांब्यावर कोरलेला. १७६७ ते १७७७ रेनेल बंगालचा सर्व्हेअर जनरल होता. १७८२ च्या नकाशाचं माप विषुववृत्तावरच्या एका अंशाला एक इंच असं आहे, १७८८ चा मोठा नकाशा अंशाला दीड इंचाचा. हे माप लक्षात ठेवलं की प्रतिकृती किती लहान केली आहे ते पट्टीने कळतं. छत्रपती संभाजीनगर ते पैठण सरळ रेषेत साधारण ०.४ अंश. मूळ मापाच्या प्रतीत ही दोन गावं दहा मिलिमीटरवर येतील. अर्ध्या आकारात पाचवर. पाच मिलिमीटरमध्ये दोन गावांची नावं, नदी आणि रस्ता बसवायचा म्हटलं की अक्षरं वाचण्यापलीकडे जातात.

इथेच हा नमुना कमी पडला. मूळ नकाशा तावात बसावा म्हणून जवळपास एक तृतीयांश लहान केला आहे. मोठी नावं सुरेख आहेत, कोरीव वळणं उतरली आहेत, पण गोदावरीच्या दक्षिणेकडची लहान गावं भिंगाशिवाय लागत नाहीत. याहून बरा उपाय असा: सगळा हिंदुस्थान लहान करण्याऐवजी दख्खनचा भाग मूळ मापात किंवा दीडपट घ्यावा आणि मूळ नकाशाच्या शीर्षकाची सजावट एका कोपऱ्यात ठेवावी. त्या सजावटीत ब्राह्मण ब्रिटानियाला, म्हणजे स्त्रीरूपातल्या ब्रिटनला, धर्मग्रंथ देताना दाखवला आहे. चित्र त्या काळच्या कंपनी सरकारची नजर दाखवणारं आहे, ते काढून टाकू नये, पण त्यासाठी अर्धा ताव द्यायचीही गरज नाही. असा भाग कापून दिल्याचं खाली मार्जिनमध्ये स्पष्ट लिहून घ्यावं.

मूळ प्रतिमा कुठून घेतली हे विचारायला संकोच करू नका. डेव्हिड रमझी संग्रहासारख्या संकेतस्थळांवर जुन्या नकाशांची मोठ्या रिझोल्यूशनची छायाचित्रं सगळ्यांना पाहायला मिळतात. २२ बाय ३० इंच छापायचं तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ६६०० गुणिले ९००० पिक्सेल लागतात. गूगलवरून उचललेली दोन हजार पिक्सेलची प्रतिमा ताणली की रेघेच्या कडेला धुरकट पट्टा येतो. दहापट भिंगातून पाहा: रंगीत ठिपक्यांची फुलं दिसली तर तो ऑफसेट छापील पोस्टर आहे, हातबनावट फक्त कागदापुरती. बारीक तुषार दिसले तर इंकजेट. सलग काळी रेघ, कागदावर किंचित उंचवटा असलेली, दिसली तर पॉलिमर पत्र्यावरून हातप्रेसवर काढलेली प्रत. ही सर्वांत महाग आणि सर्वांत खरी. आपला नमुना पिगमेंट शाईच्या (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांच्या) इंकजेटवर काढून मग वरून दाब दिलेला आहे. विक्रेत्याने ते विचारण्याआधी सांगितलं नव्हतं, पण विचारल्यावर सरळ सांगितलं.

पिगमेंट की डाय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. डाय शाई पाण्याने फुटते, त्यामुळे तिच्यावर हाताने जलरंग द्यायला गेलं की अक्षरं धुऊन जातात, आणि उन्हात ती लवकर विटते. मागच्या मार्जिनमध्ये छापलेल्या एखाद्या ठिपक्यावर ओला कापूस पाच सेकंद दाबा. कापसाला रंग लागला तर डाय.

रंगकाम

रेनेलच्या काळी रंग सरहद्दींना असत: इंग्रज, मराठे, निजाम, म्हैसूर अशा सत्ता वेगळ्या रंगांनी दाखवायच्या. आपल्या भागात निजाम आणि मराठे यांची हद्द गुंतलेली होती, तेव्हा इथलं रंगकाम नेमकं असायला हवं. पट्टी तीन ते चार मिलिमीटर रुंद, बाहेरची कड धारदार आणि आतल्या बाजूला रंग विरत गेलेला. कारागीर आधी पिवळा देतो, पूर्ण वाळू देतो, मग गुलाबी, शेवटी हिरवा. घाई केली की पिवळ्यात गुलाबी घुसून नारिंगी होतं आणि मग हद्दच चुकीची दिसते. या नमुन्यात एकाच जागी, नर्मदेच्या उत्तरेला, हिरवा ओलांडून गेला आहे. बाकी काम स्वच्छ.

जुना हिरवा बहुधा तांब्याच्या गंजाचा, म्हणजे जंगालाचा असे. तो कागद खातो, आणि बऱ्याच जुन्या नकाशांत हिरव्या पट्टीखालचा कागद मागून तपकिरी झालेला दिसतो. नव्या प्रतिकृतीत तो वापरायची काहीच गरज नाही. आजचे कलाकारांच्या दर्जाचे जलरंग टिकतात, ट्यूबवर टिकाऊपणाची खूण असते तेवढी पाहावी.

पाण्याचा मुद्दा मराठवाड्यासाठी वेगळा सांगायला हवा. बोअरचं जड पाणी रंगात किंवा खळीत वापरलं की वाळल्यावर पांढुरके डाग उठतात, गडद निळ्यावर तर हमखास. टॉलेमीच्या समुद्राच्या डाव्या कडेला असे दोन ठिपके दिसतात. रंगासाठी आरओचं किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरायला सांगा. खर्च नगण्य, फरक मोठा.

असई: तिन्हींत उजवा

हा आराखडा हाताने काढलेला आहे. टाकाने, काळ्या कार्बन शाईत, नाल्यांच्या उतारांवर बारीक तिरप्या रेघा, सैन्याच्या ओळी दोन रंगांत. कार्बनची शाई म्हणजे आपल्याकडच्या काजळ आणि बाभळीच्या डिंकाच्या शाईची बहीण. ती फिकी पडत नाही. लोहशाई वापरली असती तर काही दशकांत रेघेखालचा कागद करपू शकला असता.

आराखडा बरोबर आहे की नाही हे लढाईच्या तपशिलावरून तपासता येतं आणि हे काम घेणाऱ्याने स्वतः करावं. दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई, दोघींच्या मध्ये जिभेसारखा जमिनीचा पट्टा, जुईच्या काठी असई. इंग्रज सेनापती वेलस्लीला वाटाड्यांनी नदीत उतार (पायी ओलांडायची जागा) नसल्याचं सांगितलं होतं. पण केळणेच्या दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड समोरासमोर दिसले, त्यावरून मध्ये उतार असणारच हे त्याने ताडलं आणि तिथून सैन्य नेलं. म्हणजे आराखड्यात ही दोन गावं नदीच्या दोन्ही बाजूंना हवीतच. शिंद्यांच्या कवायती पलटणी आधी केळणेकडे तोंड करून उभ्या होत्या. इंग्रज पूर्वेकडून आल्यावर शिंद्यांचा जर्मन सेनानी पोलमन याने या पलटणींची ओळ पूर्वेकडे वळवली, एक टोक केळणेला आणि दुसरं असईला टेकवून. चांगल्या आराखड्यात या दोन्ही ओळी दिसतात, पहिली तुटक आणि दुसरी भरीव. या नमुन्यात दोन्ही आहेत, गावंही जागेवर आहेत. इंग्रजांची वाट दाखवणाऱ्या बाणाचं एक टोक उतारापासून थोडं पश्चिमेला सरकलं आहे, एवढीच उणीव.

हाताने काढलेल्या कामात मजुरी सर्वांत जास्त लागते आणि भावात ती दिसते. छापून रंगवलेल्या नकाशाच्या दुप्पट-अडीचपट भाव सांगितला गेला तर तो वाजवी समजावा. उलट ‘पूर्ण हाताने’ म्हणून छापील नकाशाच्या भावात कोणी देत असेल तर भिंग काढा.

फ्रेम

आतापर्यंतचं सगळं काम फ्रेमवाला एका दुपारी वाया घालवू शकतो. या नमुन्यांपैकी एक तयार फ्रेममध्ये आला होता, म्हणून मागची बाजू उघडून पाहिली. नकाशा चारही कडांनी सेलोटेपने माउंटला (नकाशाभोवतीच्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याला) चिकटवलेला, मागे साधा हार्डबोर्ड आणि काच थेट कागदावर. तिन्ही गोष्टी बदलाव्या लागतील.

कागद हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो. मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी ठणठणीत असते, जुलै-ऑगस्टमध्ये दमट. तीस इंची हातकागदात तेवढ्याने दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. चारही बाजूंनी जखडलेला ताव पावसाळ्यात फुगतो आणि पन्हाळी पडतात. म्हणून नकाशा फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी टांगायचा. जपानी टिश्यूच्या साधारण एक बाय दीड इंचाच्या पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. मैद्याची खळ नको, मैद्यातल्या चिकट प्रथिनांवर कसर येते. बाइंडिंगवाले खळीत किडीसाठी मोरचूद घालतात. वहीच्या पुठ्ठ्याला ते ठीक, पण नकाशाला मोरचूद लावू देऊ नका, तांब्याच्या क्षारांनी कागद खराब होतो. फेव्हिकॉलही नको, तो पुन्हा सुटत नाही. फ्रेमच्या खाचेत चारही बाजूंना तीन-चार मिलिमीटर मोकळे ठेवायला सांगा.

स्टार्चची खळ करायची रीत अशी: एक भाग गव्हाचं स्टार्च, पाच भाग डिस्टिल्ड पाणी, अर्धा तास भिजवून मंद आचेवर सतत हलवत घट्ट आणि पारदर्शक होईपर्यंत शिजवायची, गार झाली की बारीक चाळणीतून दोनदा घासायची. ती लावताना दह्याहून पातळ असावी. उन्हाळ्यात एका दिवसात आंबते, फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहते. वास आला की टाकून द्या.

माउंट आम्लमुक्त हवा, किमान दीड मिलिमीटर जाड. कापलेल्या तिरप्या कडेचा गाभा पांढरा राहतो की काही महिन्यांत पिवळा पडतो यावरून माउंटचा कस कळतो, पण तोवर उशीर झालेला असतो. म्हणून फ्रेमवाल्याकडे जुना तुकडा मागून त्याची कापलेली कड पाहावी. हातकागदाची तंतुमय कड सुंदर असेल तर खिडकीचा माउंट न लावता ताव मागच्या पांढऱ्या बोर्डावर तरंगता टांगावा. त्या वेळी काच आणि कागद यांच्यात फ्रेमच्या आतून पाच-सहा मिलिमीटरची पट्टी लागते. टॉलेमी आणि असई असे तरंगते चांगले दिसतात. रेनेलला खिडकीचा माउंट, तोही पांढऱ्याजवळचा, तीन इंच रुंद, खाली साडेतीन. इथले हिमरूचं कापड माउंटवर चढवून देणारे फ्रेमवाले आहेत. हिमरू अप्रतिम आहे, पण त्याची वेलबुट्टी बारीक नकाशाच्या शेजारी नजर ओढून घेते. हवंच असेल तर दुसऱ्या भिंतीवर त्याचं वेगळं पटल करा.

मागे एमडीएफ किंवा प्लाय लावू नका, त्यांतून आम्लाची वाफ निघते आणि नकाशा मागून पिवळा पडतो. आम्लमुक्त फोमबोर्ड, त्याच्यामागे पातळ हार्डबोर्ड चालेल. मागची फट कागदी पट्टीने बंद करावी, त्याने कसर आणि धूळ अडते. मॅट काच मुळीच घेऊ नका: काच आणि कागद यांच्यात अंतर असलं की तिच्या मागची बारीक अक्षरं धुरकट दिसतात. साधी दोन मिलिमीटरची स्वच्छ काच पुरते. मोठ्या फ्रेमला अॅक्रिलिक हलकं पडतं, पण ते धूळ ओढतं, आणि कोरड्या फडक्याने पुसलं की ओरखडे येतात.

भिंत

२४ बाय ३२ इंचांची काच एकटीच अडीच किलो भरते, फ्रेमसकट चार-पाच किलो. एका खिळ्यावर दोरीने टांगू नका. दोन्ही बाजूंना डी-रिंग आणि दोन स्क्रू. काँक्रीट-विटांच्या भिंतीत सहा मिलिमीटरचा ड्रिल आणि प्लग. माळवदाच्या जुन्या घरात पांढऱ्या मातीच्या भिंतीत प्लग धरत नाही, तिथे सागाची किंवा बाभळीची खुंटी बसवून तिच्यावर स्क्रू घ्यावा लागतो. पण मातीच्या भिंतीत वाळवीचा धोका असतो. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना रबराची बटणं लावून भिंतीपासून एक सेंटिमीटर अंतर ठेवा आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर फ्रेम उतरवून मागे पाहा. भिंतीला लोणा लागलेला असेल तर तिथे कितीही शोभलं तरी नकाशा लावू नये.

पश्चिमेची भिंत टाळा. एप्रिल-मेमध्ये ती संध्याकाळपर्यंत तापलेली असते आणि कागदावर ताण येतो. समोरच्या खिडकीतून थेट ऊन येत असेल तर साध्या काचेतून अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो, रंग विटतात. उत्तरेच्या खोलीतली आतली भिंत उत्तम. उंची अशी ठेवा की नकाशाचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर येईल. पण असईच्या आराखड्यात बारीक अक्षरं आहेत, तो पाच सेंटिमीटर खाली लावला तर उभ्याने वाचता येतो. काच पुसताना फवारा फडक्यावर मारा, काचेवर नको. खालच्या खाचेतून पाणी आत जाऊन माउंट फुगतो.

मागवताना

बाहेरगावी, नांदेड-लातूरकडे मागवायचा तर नळी किमान चार इंच व्यासाची हवी, नकाशा चित्राची बाजू बाहेर ठेवून गुंडाळलेला. दोन इंची नळीतून आलेला असईचा आराखडा उघडला तेव्हा टाकाच्या शाईत केसासारख्या चिरा दिसत होत्या. आल्यावर लगेच सपाट दाबू नका. एक दिवस खोलीत नळीबाहेर सैल ठेवा, मग दोन टीपकागदांमध्ये ठेवून वर सपाट फळी आणि पुस्तकांचं वजन, दोन दिवस. इस्त्री फिरवायची नाही.

कार्यशाळेला आगाऊ पैसे देताना चार गोष्टी बिलावर लिहून घ्या: कोणत्या आवृत्तीवरून, मूळच्या किती टक्के आकारात, कोणत्या शाईत, आणि रंग हाताने की छापील. या कार्यशाळेने चारही लिहून दिल्या, आणि टॉलेमीच्या दाबाची चूक दाखवल्यावर पुढच्या प्रती दाबाशिवाय काढायचं कबूल केलं. रेनेलचा दख्खनपुरता, मूळ मापातला नकाशाही ते मागणीवरून करतात. त्याला जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येक प्रतीची हद्द हाताने रंगवायची असते. लग्नसराईत भेट म्हणून द्यायचा असेल तर दीड-दोन महिने आधी सांगावं आणि फ्रेम आपण स्वतः, आपल्या फ्रेमवाल्याकडे उभं राहून करून घ्यावी.